गाडी तुमच्या नावावर आहे? मग विम्याचा कागद तपासा



एडवणहून मासळी घेऊन सफाळ्याला जायचं, तर आता सगळ्याजणी एसटीवर अवलंबून नाहीत. कुणाच्या दारात स्कूटी आहे, कुणी मिळून टेम्पो घेतलाय. पुष्कळदा कर्ज गटातून काढलेलं असतं, म्हणून आरसी बुकावर नाव बाईचं असतं. चालवतो मात्र मुलगा नाहीतर दीर. आज बोलायचंय ते या नावाबद्दल.

आमच्या गटातल्या एका ताईंच्या स्कूटीचा विमा संपला होता. मुलानं ओळखीच्या एकाकडून चारशे रुपयांत नवा काढला. व्हॉट्सअॅपवर कागद आला. कंपनीचं चिन्ह, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. बैठकीत तो पाहताना मला रक्कम खटकली. कंपनीला फोन केला, तर तो पॉलिसी नंबर दुसऱ्याच गाडीचा निघाला. तीन महिने स्कूटी विम्याविना फिरत होती. नशीब, अपघात झाला नाही.

रक्कम का खटकली? थर्ड पार्टी विम्याचा दर सरकार ठरवून देतं. कंपनी कुठलीही असो, दर तोच. १ जून २०२२ पासूनच्या दरानुसार ७५ ते १५० सीसीच्या दुचाकीला वर्षाला ७१४ रुपये, वर जीएसटी. मग चारशेत तो मिळणार कसा?

काही जणी म्हणतात, पोलिसांनी अडवलं तर दाखवायला कागद आहे ना! विम्याविना गाडी चालवली तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण खरा धोका पुढेच आहे. आपल्या गाडीनं कुणाचा जीव गेला, तर भरपाई न्यायाधिकरण ठरवतं आणि ती लाखांत जाते. विमा खरा असेल तर ती कंपनी भरते. खोटा असेल तर गाडीच्या मालकाला भरावी लागते. म्हणजे तुम्हाला, गाडी कुणीही चालवत असो. "आम्हीच फसलो" म्हणून सुटका होत नाही.

मग ओळखायचं कसं?

पैसे कंपनीच्या नावावरच भरा. कुणाच्या खासगी नंबरवर पाठवायला सांगितलं, तर तिथेच थांबा.

पॉलिसीवरचा क्यूआर कोड मोबाईलनं स्कॅन करा. उघडलेल्या माहितीतलं नाव, गाडी नंबर, चासी नंबर आणि तारखा आरसीशी जुळवा. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला तरी विम्याची मुदत दिसते.

टेम्पोवाल्या ताईंनी जास्त जपायचं. टेम्पोच्या नंबरावर स्वस्तातला दुचाकीचा विमा काढायचा आणि कागदावर खाडाखोड करून टेम्पोचा दाखवायचा, अशीही लबाडी चालते. अशा वेळी अॅपवर विमा चालू दिसू शकतो. म्हणून गाडीचा प्रकार आणि भरलेली रक्कम कंपनीकडून फोनवर विचारून घ्या. फोन नंबर त्या कागदावरचा नको, कंपनीच्या वेबसाइटवरचा घ्या.

आणखी एक. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला घेतानाच पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा मिळतो. दुसऱ्याच वर्षी कुणी तो "संपला" म्हणून पैसे मागितले, तर आधी जुना कागद काढून बघा.

फसलात, तर लाजून गप्प बसू नका. आधी गाडी उभी करा आणि त्याच दिवशी खरा विमा काढा. पैसे मोबाईलवरून गेले असतील, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड. मेसेज, पावती, खोटा कागद, काही पुसू नका. ते सगळं घेऊन पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, कंपनीलाही कळवा. विमा नियामक प्राधिकरणाचा मदत क्रमांक १५५२५५ आहे.

आणि कुणी म्हणालं, "तुमच्या गाडीचा खोटा अपघात दाखवू, पैसे वाटून घेऊ," तर सरळ नाही म्हणा. दाव्यावर सही तुमची असते, गुन्हाही तुमच्यावरच येतो.

आता एक काम. पुढच्या बैठकीला पासबुकासोबत गाडीचे कागदही आणा. एकीच्या मोबाईलवर सगळ्याजणींचे तपासून होतील. कर्जाचा हप्ता आपण वेळेवर भरतो ना? मग ज्या गाडीसाठी भरतो, तिचा कागदही एकदा नीट बघूया.