अर्ध्या भाराचा पंप

मामी रोज सकाळी मामांच्या नडगीवर अंगठा दाबून धरतात. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तर पायात पाणी उतरलंय. मग डॉक्टरांना फोन करून लघवीची गोळी वाढवायची का, ते विचारायचं. खडवलीच्या त्यांच्या घरात लोणचं-पापड बंद आणि दिवसाचं पाणी दीड लिटरच्या बाटलीतून मोजून. निरोगी हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला निम्म्याहून अधिक रक्त पुढे ढकलतो; मामांचा जेमतेम पाव भाग.

अशा माणसाचं हृदय बंद पडलेलं नसतं, कमी पडत असतं. मग सगळं काम यंत्राच्या गळ्यात कशाला घालायचं? कमी पडतंय तेवढंच यंत्रानं करावं. हा विचार मला तरी फार शहाणपणाचा वाटतो. त्यातूनच सर्क्युलाइट कंपनीचा ‘सिनर्जी’ पंप निघाला, पेन्सिल सेलएवढा. 2007मध्ये बेल्जियममधल्या ल्युव्हेनला डॉ. बार्ट मेन्स यांनी तो पहिल्यांदा माणसात बसवला. छातीचं मधलं हाड कापायचं नाही. उजवीकडे बरगड्यांमधून छोटा छेद घेऊन हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात नळी घालायची, पंप पेसमेकरसारखा गळ्याच्या हाडाखाली कातडीत ठेवायचा आणि तिथून रक्त हाताकडे जाणाऱ्या धमनीत सोडायचं. मिनिटाला दोन-तीन लिटर. आरामात असताना शरीराला साधारण पाच लिटर लागतं. उरलेलं हृदयानं स्वतः करायचं.

पंप आत राहतो, पण त्याची वायर पोटातून बाहेर येते आणि कमरेला कंट्रोलर, बॅटऱ्या. जखमेतून जंतू शिरण्याची धास्ती कायमची. पंपात गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी आणि त्यासाठी वरचेवर रक्ततपासणी. हे ऐकल्यावर मामांचा पहिला प्रश्न, “म्हणजे भातशेतात उतरायचं नाही?” नाहीच. मामींनी विचारलं, “आणि रात्रभर लाइट गेली तर?” पावसाळ्यातली खडवली ज्यानं पाहिली आहे, त्याला हा प्रश्न मामांच्या प्रश्नापेक्षा मोलाचा वाटेल. बॅटऱ्या काही तास चालतात, पण चार्ज कराव्याच लागतात.

‘सिनर्जी’ आता मिळत नाही. 2013मध्ये हार्टवेअरनं सर्क्युलाइट विकत घेतली. पुढे हार्टवेअर मेडट्रॉनिककडे गेली आणि जून 2021मध्ये मेडट्रॉनिकनं तिचा मोठा पंपही विकायचा थांबवला. आज कायमचा म्हणून बसवतात तो मुख्यतः हार्टमेट 3. तो जवळजवळ सगळा भार उचलू शकतो, पण खर्च मामांसारख्या घराच्या आवाक्याबाहेरचा. इम्पेला नावाचा बारीक पंप जांघेतून सरकवतात, तो मात्र दवाखान्यातल्या काही दिवसांपुरताच.

पंपाचा विषय निघतो, तो औषधं पुरी पडेनाशी झाल्यावर. मामांना ती अजून पुरतात. तेव्हा घरात असा पेशंट असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्याच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका.