बाप्पा, विंडो सीट प्लीज!

व्हिसा वेळेवर, तिकीट वेळेवर, युनिव्हर्सिटीचं पत्रही वेळेवर. लेट झाले ते फक्त गणपती! 2023 मध्ये अधिक श्रावण आला आणि चतुर्थी सरकली थेट 19 सप्टेंबरवर. मास्टर्ससाठी लेस्टरला जायचं माझं विमान 12 तारखेचं. म्हणजे अख्खं रोहा मखरं बांधत असताना मी हॉस्टेलवर उशी शोधत फिरणार. जाम वैताग!

पण खरा प्रश्न वेगळाच होता. बाबा गेल्यापासून पेणहून मूर्ती आणायचं काम माझं. आता आणणार कोण? काकांनी तोडगा काढला, 'यंदा गणपती आमच्याकडे पनवेलला बसवू. वहिनींना एकटीला झेपायचं नाही.' आई गप्प. एकदा घरातून गेलेला गणपती परत आणताना दहा जणांचं ऐकावं लागतं, हे कोकणातल्या माणसाला सांगायला नको.

'मग मी तिकडेच बसवते,' मी म्हटलं. तर आजी कडाडली, 'चूल वेगळी होईस्तोवर घराचा गणपती एकच!' बॉस, विषय संपला. बॅगेत मूर्ती गेली नाही, गेली एक सुपारी. पूजेत सुपारीचा गणपती चालतोच, त्यामुळे आजीचंही ऑब्जेक्शन नव्हतं.

रविवारी, 17 तारखेला आईचा फोन. 'मी पेणला जाऊन आले!'

पेण म्हणजे गणपतीचं गाव. शेजारच्या हमरापूर, जोहे भागातही घरोघरी कारखाने. परदेशी जाणारे बाप्पा इथून काही महिने आधीच खोक्यांत बसून बोटीने निघतात. त्यात प्लास्टरचे बरेच, कारण ते हलके असतात, प्रवासात पटकन तडकत नाहीत. शाडूचा मात्र जड आणि नाजूक. त्याला मांडीवरच घ्यावं लागतं. आईने नेमका शाडूचाच निवडला, फूटभर उंचीचा. लग्नाला तीस वर्षं झाली, पण कारखान्यात ती पहिल्यांदाच गेली होती. गणपतीत तिच्या वाट्याला कायम स्वयंपाकघर! 'अगं, डोळ्यांची आखणी बघितली. कारागीर श्वाससुद्धा घेत नाही त्या वेळी,' ती सांगत होती.

परतीला दिवा-रोहा गाडी. गर्दी मरणाची. तोंडावर रुमाल झाकलेली मूर्ती बघून एक कॉलेजचा मुलगा उठला. 'काकू, बाप्पाला खिडकीत बसवा.' नागोठणं गेलं, रोहा आलं, आणि त्याच मुलाने मूर्ती रिक्षापर्यंत धरली. हे सगळं आई शाळेतून आलेल्या मुलीसारखं सांगत होती. मी लेस्टरमध्ये कॉट्सवर बसून रडत होते, आणि हसतही होते.

चतुर्थीला रोह्यात सकाळी अकराला पूजा, म्हणजे लेस्टरला साडेसहा. कॉमन किचनमध्ये स्टीलच्या वाटीत तांदूळ, त्यावर सुपारी, समोर व्हिडिओ कॉल. कापूर लावला तर फायर अलार्म वाजणार, म्हणून मोबाइलच्या टॉर्चने आरती! बेलग्रेव्ह रोडवरून आणलेल्या रव्याचा शिरा केला, तो खाली लागला. कॉर्नफ्लेक्स घ्यायला आलेली नायजेरियन फ्लॅटमेट चप्पल काढून मागे उभी राहिली. शिरा तिनेच संपवला.

दुसऱ्या दिवशी बाप्पा कुंडलिकेत गेले. सुपारी मी जपून ठेवली.

इतकी वर्षं मला वाटायचं, मी आहे म्हणून घरचा गणपती आहे. मी नसताना कळलं, आईला कधी कुणी विचारलंच नव्हतं.

2025 मध्ये, 27 ऑगस्टच्या चतुर्थीआधी आम्ही दोघी पेणला गेलो. मी सवयीने पुढे होऊन मूर्ती उचलायला गेले.

'थांब,' आई म्हणाली, 'मी घेते. तू गाडीत जागा पकड. खिडकीची!'