सावली कॅमेऱ्यात, हक्क कुणाच्या हातात?

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावात ठाकर आदिवासींनी चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला. कातड्यावर आकृती कोरायची, भोके पाडायची, रंग भरायचा आणि पडद्यामागे दिवा लावून सावल्या नाचवायच्या. याच गावचे परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय केले. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, हे योग्यच झाले.

आता ही कला डिजिटल तंत्राने जतन करावी असे म्हटले जाते. जरूर करावी. कोकणच्या दमट हवेत कातडे टिकत नाही आणि जुन्या कलावंताबरोबर त्याचा आवाज व हाताची लकबही जाते. पण चित्रण झाल्यावर मालक कोण, हा खरा प्रश्न आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रफितीची मालकी निर्मात्याची. कलम ३८ ने कलावंताला त्याच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिला आहे. परंतु २०१२ च्या दुरुस्तीनुसार, चित्रीकरणाला लेखी कराराने संमती दिल्यावर, करारात वेगळे काही नसेल तर, कलावंताला पुढे हरकत घेता येत नाही. व्यापारी वापर झाल्यास रॉयल्टी मात्र मागता येते. म्हणजे सारे त्या एका कागदावर आले. तो इंग्रजीत असेल आणि कुणी वाचून दाखवला नसेल, तर सही करणाऱ्याच्या हाती काय उरते?

काही बांधव विचारतील, रामायण-महाभारताच्या खेळांशी आम्हा बौद्धांचा काय संबंध? कथेशी आमचा मतभेद आहे आणि तो राहील. पण श्रम एकाचे आणि मालकी दुसऱ्याची, ही या व्यवस्थेची जुनीच रीत आहे. ती संगणकात शिरत असताना आंबेडकरी माणसाने गप्प बसायचे काय?

म्हणून मागण्या साध्या आहेत. करार मराठीत हवा आणि सहीपूर्वी समजावून सांगितलेला हवा. प्रत्येक कलावंताचे नाव चित्रणात हवे. रॉयल्टीचा वाटा आकड्यात लिहिलेला हवा. संपूर्ण चित्रणाची एक प्रत गावात हवी. आपल्यातील वकिलांनी हे करार विनामूल्य तपासून द्यावेत. कॅमेरा गावात येण्याआधी हे काम व्हायला हवे.