पिंपाच्या पोटातला खडा

वरळीत समुद्राकडे तोंड असलेल्या गॅलरीला स्टीलचा कठडा असेल, तर तो जवळून पाहा. चहा सांडून वाळल्यासारखे तांबूस डाग त्यावर दिसतील. स्टील गंजत नाही अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ते टिकतं ते क्रोमियमच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ पापुद्र्यामुळे, आणि खाऱ्या वाऱ्यातलं क्लोराइड नेमकं त्यालाच भेदतं. ब्लीचही तेच करतं. म्हणून केग सांभाळणारे त्याला ब्लीच लावत नाहीत. लावलं तर सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात, आणि त्यात दडून बसलेले जंतू कुठल्याच ब्रशच्या हाती लागत नाहीत.

केग म्हणजे बिअरचं स्टीलचं पिंप. वरळीच्या शेजारी, लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात 2013 साली 'द बार्किंग डिअर'मध्ये ताजी बिअर तयार होऊ लागली. मुंबईतली ती पहिली मायक्रोब्रुअरी. त्याआधी, 2009 मध्ये, पुण्यात 'दूलाली' सुरू झाली होती. हे नाव आपल्या देवळालीच्या इंग्रजी अपभ्रंशातून आलं आहे. घरी बिअर करायची मोकळीक मात्र इथे नाही. 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. अमेरिकेत ही परवानगी 1978 च्या कायद्याने मिळाली, आणि तिथल्या हौशी मंडळींनी शीतपेयांच्या धंद्यातून बाद झालेली 19 लिटरची पिंपं उचलली. कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना 'कॉर्नी' म्हणतात. कोल्ड कॉफी, कोंबुचा किंवा सोडा नळातून द्यायचा असेल, तरी हेच भांडं चालतं.

त्याची रचना मला फार आवडते. झाकण लंबगोल असतं, म्हणून ते तिरकं करून आत घालता येतं आणि आतूनच बसतं. वायूचा दाब जितका वाढेल तितकं ते घट्ट होतं. वर दोन तोंडं. एकातून कार्बन डायऑक्साइड आत जातो, दुसऱ्याला जोडलेली लांब नळी तळापर्यंत पोचते आणि पेय वर आणते. तोंडांत स्प्रिंगच्या छोट्या झडपा. रबरी कड्या एकूण पाच: एक मोठी झाकणाला, उरलेल्या चार तोंडांना आणि नळ्यांना. दुर्गंधी सुटते ती बहुतेक वेळा या कड्यांखालून, कारण धुणारा पिंपाचं पोट घासतो आणि सांधे विसरतो.

पोटात नेमकं काय साचतं? बार्लीतलं ऑक्झॅलिक आम्ल पाण्यातल्या आणि धान्यातल्या कॅल्शियमशी जुळतं, त्याला प्रथिनं चिकटतात, आणि भिंतीवर राखाडी-तपकिरी किटण धरतं. रसायन म्हणून पाहिलं तर बहुतेकांच्या मुतखड्यातही हेच कॅल्शियम ऑक्झॅलेट असतं. हे नुसत्या साबणाने जात नाही. आधी गरम कॉस्टिक, म्हणजे अल्कली, प्रथिनं आणि चिकटा सोडवतं. पाण्याने खळखळून धुतल्यावर आम्लाची पाळी येते, आणि खडा विरघळतो.

आजीच्या मोरीत हे दोन्ही होतं. राख म्हणजे अल्कली, चिंच म्हणजे आम्ल. राखेने तेलकट मळी निघायची आणि चिंचेने तांब्या-पितळेचा काळपटपणा. कुणी तिला रसायनशास्त्र शिकवलं नव्हतं, पण कुठल्या भांड्याला काय लावायचं हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

वरळीला तर ही विद्या आणखी जवळून माहीत आहे. इथल्या सरकारी डेअरीचं सगळं कामच धुण्यावर उभं होतं. 'आरे'च्या काचेच्या बाटल्या केंद्रावर रिकाम्या परत द्यायच्या आणि भरलेल्या घ्यायच्या. परत आलेली प्रत्येक बाटली धुऊनच पुन्हा भरायची. तापलेल्या दुधाच्या भांड्यांनाही खडा धरतो, कॅल्शियम फॉस्फेट आणि प्रथिनांचा, आणि त्यावरही उपाय अल्कलीनंतर आम्ल हाच. ही दुधाची माणसं आणि ही बिअरची माणसं कधी एका मोरीत भेटली असतील असं वाटत नाही, पण एकमेकांचं काम त्यांना पहिल्या दिवसापासून जमलं असतं.

एका बाबतीत मात्र केग दुधाच्या कॅनपेक्षा धोक्याचा: तो दाबाखाली असतो. उघडण्याआधी झाकणावरच्या, दाब सोडणाऱ्या झडपेची कडी ओढून सगळा वायू सोडायचाच. मोठ्या, 50 लिटरच्या केगची मधली नळी तर घरी कुणी काढूच नये. दाबासकट ती उसळून माणसं दगावली आहेत. त्याला उलटं धरून यंत्रावरच धुतात. कॉस्टिक भरण्याआधी कार्बन डायऑक्साइड काढण्याचं आणखी एक कारण आहे. कॉस्टिक तो वायू पिऊन टाकतं, त्यामुळे स्वतः क्षीण होतं आणि बंद भांड्यात निर्वात पोकळी करतं. त्या पोकळीने मोठ्या टाक्या आत चेपल्या गेल्या आहेत.

सगळं धुऊन झालं की पेरासेटिक आम्लासारखं जंतुनाशक फिरवायचं, लांब नळीतूनही सोडायचं. मुंबईच्या पावसाळ्यात ओलसर, उघडा ठेवलेला केग लवकर आंबूस वास मारू लागतो. म्हणून कड्यांना खाद्य दर्जाचं वंगण लावून झाकण बसवायचं, आत थोडा वायू भरायचा आणि घरातल्या गॅस सिलिंडरच्या रेग्युलेटरला लावतो तसं साबणाचं पाणी सगळ्या सांध्यांना लावायचं. बुडबुडा आला की ती कडी बदलायची.

असा केग कोपऱ्यात ठेवून द्यावा. काही आठवड्यांनी झाकणावरच्या झडपेची कडी ओढल्यावर फुस्स असा आवाज आला, तर आतला दाब टिकला आहे आणि मध्ये कुणी झाकण उघडलेलं नाही. आवाज आला नाही, तर पुन्हा राखेपासून सुरुवात.