नाळ एकीकडे, वाट दुसरीकडे

गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचमध्ये एकदा पुढच्या बाजूला उभं राहून पाहावं. ओहोटी जोरात असली की लाँचची नाळ, म्हणजे पुढचं टोक, धक्क्याकडे नसते, थोडी उत्तरेला रोखलेली असते. तरीही लाँच नेमकी धक्क्याला लागते. ओहोटीचं पाणी दक्षिणेला, खुल्या समुद्राकडे ओढत असतं आणि सुकाणूवरचा माणूस त्या ओढीपुरतं उत्तरेला धरून चालवत असतो. शाळेत ज्याला आपण सदिशांची बेरीज म्हणतो, ती तो नजरेनंच करतो.

ही बेरीज आकड्यांच्या बेरजेसारखी नाही, म्हणून मुलं तिला बिचकतात. 10 आणि 1 मिळून इथे 11 होतीलच असं नाही. युक्ती एकच आहे: तिरका वेग तिरका ठेवायचाच नाही. त्याचे दोन सरळ घटक करायचे, एक उत्तरेचा आणि एक पूर्वेचा. उत्तरेचे उत्तरेत, पूर्वेचे पूर्वेत मिळवायचे आणि शेवटी पुन्हा एक बाण जोडायचा.

एक जहाज घेऊ. पाण्यातून त्याचा वेग 10 नॉट, म्हणजे तासाला 10 सागरी मैल; नाळ उत्तरेपासून पूर्वेकडे 30 अंशांवर. घटक पडले उत्तरेला 8.66 आणि पूर्वेला 5. आता वायव्येचा वारा त्याला 1 नॉटनं ढकलतो आहे. इथे हमखास घोटाळा होतो. वाऱ्याला नाव मिळतं तो येतो त्या दिशेचं, प्रवाहाला मात्र तो जातो त्या दिशेचं. म्हणजे वायव्येचा वारा जहाजाला आग्नेयेला नेणार: पूर्वेला 0.71, दक्षिणेला 0.71. बेरीज केली की पूर्वेला 5.71 आणि उत्तरेला 7.95. निव्वळ वेग सुमारे 9.8 नॉट, दिशा जवळपास 36 अंश. नाळ 30 वर आणि जहाज चाललं 36 वर! सहा अंश किरकोळ वाटतात, पण याच चालीनं एका दिवसात जहाज 24 सागरी मैल, म्हणजे सुमारे 44 किलोमीटर, असायला हवं तिथून दूर गेलेलं असतं.

पुस्तकांबद्दल माझी एक तक्रार आहे. ‘जहाजाचा वेग इतका, वाऱ्याचा वेग तितका, निव्वळ वेग काढा’ असं गणित सर्रास दिलेलं असतं. विमानाला ते लागू पडतं, कारण विमान हवेतच तरंगतं आणि हवा नेईल तिकडे वाहतं. जहाज पाण्यात बसलेलं असतं. 30 नॉटचा वारा त्याला बाजूला 30 नॉटनं नेत नाही. पाणी अडवतं आणि वाट्याला येतो तो एखाददुसरा नॉट. बेरजेत धरायचा तो हा सरकण्याचा वेग, वाऱ्याचा नव्हे.

घटकांची ही युक्ती आधी दर्यावर्दींनी वापरात आणली. सदिशांचं आजचं गणित गिब्ज आणि हेविसाइड या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घडवलं. पण व्हेनिसच्या आंद्रेआ बियांको यानं 1436 साली केलेल्या नकाशासंग्रहात एक कोष्टक आहे. ठरलेल्या दिशेपासून जहाज होकायंत्राच्या एका घराइतकं, म्हणजे सव्वाअकरा अंश ढळलं, तर 100 मैलांत ते 98 मैल पुढे आणि 20 मैल बाजूला जातं. दोन घरं ढळलं तर 92 आणि 38. चार घरं, तर 71 आणि 71. आपल्या भाषेत ही कोसाइन आणि साइन, म्हणजे कोज्या आणि ज्याच! वारा हवी ती वाट देत नसे, वळसे घेत जावं लागे, आणि रोजच्या वळशांचे हे दोन आकडे मिळवून खलाशी आपला ठावठिकाणा काढत.

पुढे 1586 साली नेदरलँड्सच्या सिमॉन स्टेव्हिननं बलांचा त्रिकोण मांडला. याच गृहस्थानं शेव्हेनिंगेनच्या पुळणीवर शिडाची गाडी पळवली होती. न्यूटननं 1687 मध्ये समांतरभुज चौकोनाचा नियम आपल्या ग्रंथात गतिनियमांच्या पाठोपाठ ठेवला.

वाऱ्याचा आडवा घटक काय करू शकतो, हे 23 मार्च 2021 रोजी सुएझ कालव्यात जगानं पाहिलं. तिथे अडकलेलं ‘एव्हर गिव्हन’ हे मालवाहू जहाज 400 मीटर लांबीचं. वर कंटेनरची भिंत. वाऱ्याचं बल त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतं, म्हणजे वारा दुप्पट झाला तर ढकल चौपट. त्या दिवशीच्या सोसाट्याला एकट्याला दोष देणं बरोबर नाही, पण कारणांत तो होताच. जहाज सहा दिवस कालव्यात आडवं पडलं. समुद्रात सहा अंशांची चूक दुरुस्त करायला जागा असते, कालव्यात नसते.

शिडाच्या बोटीवर मात्र बेरजेआधी वजाबाकी येते. बोट 10 नॉटनं उत्तरेला चालली आहे आणि पश्चिमेचा वारा 10 नॉटचा आहे, तर डेकवर उभ्या माणसाच्या गालाला वारा वायव्येकडून लागतो आणि तो असतो 14 नॉटचा. शीड लावायचं ते या गालाला लागणाऱ्या वाऱ्याला. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेली ‘तारिणी’ ही अशीच शिडाची बोट 10 सप्टेंबर 2017 रोजी नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून 21 मे 2018 रोजी परतली. शिडावर पडणाऱ्या बलाचा आडवा घटक बोटीखालचा जड कणा पाण्याच्या आधारानं पेलत होता आणि पुढचा घटक तिला नेत होता. दक्षिण महासागराच्या थंडीत, रात्रीच्या पाळीला, सुकाणूवरची अधिकारी वाऱ्याची बाजू बदलली की शीड सैल करायची किंवा ताणायची, आणि नाळ पुन्हा दोन-चार अंश वळवायची.