झपाटलेला

मराठी भय-विनोदी चित्रपट. महेश कोठारे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १९९३ मध्ये प्रदर्शित झाला. सजीव होऊन हत्या करणाऱ्या बाहुल्याची त्यातील कथा स्वतंत्र नाही. तथापि उसन्या कथानकास स्थानिक घटकांची जोड मिळाल्यास ते प्रेक्षकांना आपलेसे कसे वाटू लागते, याचे तो एक ठळक उदाहरण होय.

तात्या विंचू (दिलीप प्रभावळकर) हा गुन्हेगार बाबा चमत्कार (राघवेंद्र कडकोळ) या मांत्रिकाकडून मृत्युंजय मंत्र मिळवितो. इन्स्पेक्टर महेश जाधव (महेश कोठारे) याच्या गोळीने प्राण जात असता मंत्रबळाने तो एका बाहुल्यात शिरतो. हा बाहुला पुढे शब्दभ्रमाची कला जोपासणाऱ्या लक्ष्या (लक्ष्मीकांत बेर्डे) या भोळ्या तरुणाच्या हाती येतो. मानवी देह परत मिळावा म्हणून तात्याला लक्ष्याच्याच शरीरात प्रवेश करावयाचा असतो. बाहुला जिवंत आहे, हे लक्ष्याचे सांगणे इतरांस वेडेपणाचे वाटते. चित्रपटातील भय व विनोद हे दोन्ही मुख्यत्वे या प्रसंगातून निर्माण होतात.

कथेचा सांगाडा टॉम हॉलंड यांच्या चाइल्ड्स प्ले (१९८८) या अमेरिकन चित्रपटावरून घेतलेला आहे. तथापि ही कल्पना त्याहूनही जुनी आहे. डेड ऑफ नाइट (१९४५) या ब्रिटिश चित्रपटातील एका कथेत शब्दभ्रमकारावर त्याचा बाहुलाच कुरघोडी करू लागतो. डेव्हिल डॉल (१९६४) हा अल्प खर्चात निर्मिलेला ब्रिटिश भयपट रंजक असला, तरी अनुकरणात्मक आहे. त्यात माणसाचा आत्मा बाहुल्यात कोंडलेला दाखविला असून, बाहुल्याचे ह्यूगो हे नावदेखील १९४५ च्या चित्रपटातील बाहुल्याचेच आहे. या प्रकारच्या चित्रपटांत उसनवारी ही जणू रूढीच असल्याचे यावरून दिसून येते.

झपाटलेलामध्ये चाइल्ड्स प्लेमधील व्हूडू विद्येच्या जागी मंत्रसिद्धी आली. परकायाप्रवेशाची कल्पना मराठी प्रेक्षकांस नवी नव्हती. शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या देहात प्रवेश केल्याची आख्यायिका प्रसिद्धच आहे. मूळ चित्रपटातील लहान मुलाऐवजी येथे प्रौढ पण निरागस नायक योजल्यामुळे कथेचा कल भयाकडून विनोदाकडे झुकला. दुकानातील खेळण्याऐवजी शब्दभ्रमाचा बाहुला आल्याने बोलक्या बाहुल्यांच्या महाराष्ट्रातील परंपरेशीही तिचे नाते जुळले. य. के. पाध्ये यांच्या ‘अर्धवटराव’ या बाहुल्याने ही परंपरा लोकप्रिय केली होती. त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला तयार केला, तर प्रभावळकरांनी त्यास आवाज दिला. कृत्रिम चेहऱ्याला या आवाजानेच व्यक्तिमत्त्व लाभले.

बेर्डे यांचे २००४ मध्ये निधन झाले. झपाटलेला २ हा त्रिमिती उत्तरभाग २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात लक्ष्याच्या पुढच्या पिढीची कथा असली, तरी तात्या विंचू कायम राहिला. कथानकाच्या मौलिकतेचे श्रेय झपाटलेलाला देता येत नाही; मात्र परक्या साच्यातून निघालेला हा खलनायक मराठी प्रेक्षकांच्या स्मरणात एक मराठी पात्र म्हणूनच टिकून राहिला, हे त्याचे वेगळेपण होय.