सायकलस्वाराचा हात

शाळा भरण्याच्या वेळी यवतमाळच्या दत्त चौकात क्षणभर उभे राहून पाहावे. ऑटोरिक्षा वाट काढीत असतात, मोटारसायकली फटफटत जातात, भाजीच्या हातगाड्या आडव्या येतात आणि या सर्व कोलाहलात एखादी गाय स्वस्थपणे रवंथ करीत रस्त्याच्या मधोमध बसलेली असते. याच गर्दीतून पाठीवर दप्तर अडकविलेली मुले-मुली सायकलींवरून शाळेकडे निघालेली दिसतात. इतर वाहने आपण येत असल्याची वर्दी दुरूनच देतात. मोटारगाडी गुरगुरते, बैलांच्या बंडीचे घुंगूर वाजतात. सायकल मात्र मांजराच्या पावलांनी येते. ती केव्हा शेजारी आली आणि केव्हा वळली, हे पुष्कळदा तिची धडक बसल्यावरच कळते!

सायकलीचा हा अबोलपणा फार जुना आहे. जर्मनीतील कार्ल फॉन द्राइस याने १८१७ साली दोन चाकांचे एक लाकडी वाहन तयार केले. त्याला पायडल नव्हते; त्यावर बसून पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जावे लागे. पुढे पायडल आले. मग पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच झाले आणि स्वार तोंडघशी पडू लागले. शेवटी १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीने मागचे चाक फिरविणारी सायकल केली, आणि १८८८ साली डनलप याने हवा भरलेली रबरी धाव तिच्या जातीला मिळवून दिली. आज आपण चालवितो ती सायकल मुळात हीच. तिच्यात सुधारणा पुष्कळ झाल्या. परंतु आपण आता कोणीकडे वळणार, हे साधी सायकल आजही स्वतःहून सांगत नाही. मोटारीला वळताना लुकलुकणारे दिवे असतात, थांबताना तिच्या पाठीशी तांबडा दिवा लागतो. सायकलस्वाराला मात्र ही सारी कामे आपल्या दोन हातांनी करावी लागतात.

मी सातवीत असतानाची, म्हणजे १९७४ सालची एक गोष्ट सांगतो. यवतमाळ पठारावर वसलेले आहे; समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे साडेचारशे मीटर आहे आणि तेथील रस्ते चढउताराचे आहेत. अशाच एका उतारावरून आम्ही तिघे मित्र सायकलींवरून चाललो होतो; एकामागून एक नव्हे, तर एका ओळीत, गप्पा मारीत. आमच्यामागून एक दूधवाला येत होता. त्याच्या सायकलीला दोन्ही बाजूंना दुधाचे मोठे डबे टांगलेले होते. त्याने घंटी वाजविली होती, असे माझा मित्र पुढे म्हणाला. मला ती ऐकू आली नाही, कारण त्या वेळी मीच सर्वांत मोठ्याने बोलत होतो. इतक्यात रस्त्याच्या उजव्या बाजूला शेंगदाणे विकणारा दिसला. मी हॅन्डल उजवीकडे वळविले. मागे पाहिले नाही, हात दाखविला नाही; मनात आले आणि वळलो.

दूधवाल्याने दोन्ही ब्रेक दाबले. परंतु भरल्या डब्यांची सायकल उतारावर थांबते कोठे? मला चुकविण्यासाठी त्याने ती एकदम डावीकडे घेतली आणि तो डब्यांसह कोसळला. एका डब्याचे झाकण उडाले. दूध उताराने वाहू लागले, आणि कोठून कोण जाणे, दोन कुत्री धावत आली. दूधवाल्याने प्रथम सायकल उभी केली, मग डब्यात डोकावून पाहिले, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे खरचटलेले कोपर. तो ओरडेल म्हणून आम्ही तिघेही थिजून उभे होतो. तो एवढेच म्हणाला, “वळाचं होतं तं हात दाखवाचा होता न, बाबू. मले कसं समजन?”

मी घरी काही सांगितले नाही. सायंकाळी शेजारच्या काकू आईला म्हणत होत्या की, आज दूध निम्मेच आले. दूधवाल्याची सायकल घसरली म्हणे. त्याने आमचे नाव घेतले नव्हते. ते दूध माझ्यामुळे सांडले होते, पैसे मात्र त्याचे बुडाले होते.

“मले कसं समजन?” या प्रश्नात सायकलस्वाराचे सगळे शिष्टाचार सामावलेले आहेत, असे मला पुढे वाटू लागले. रस्त्यावर आपल्याभोवती असलेल्या माणसांना आपण ओळखत नाही. त्यांच्याशी बोलण्यास सवड नसते. आपण पुढच्या क्षणी काय करणार, हे त्यांना आधी कळले पाहिजे. म्हणजे त्यांना आपला वेग आणि आपली वाट ठरविता येते. आपल्याकडे ‘हात दाखवून अवलक्षण’ अशी म्हण आहे. रस्त्यावर मात्र अवलक्षण होते ते हात न दाखविल्याने!

आता हा हात कसा दाखवावा? उजवीकडे वळावयाचे असेल तर उजवा हात खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर काढावा. डावीकडे वळावयाचे असेल तर डावा. वेग कमी करावयाचा असेल तर उजवा हात बाहेर काढून, तळवा जमिनीकडे करून, सावकाश वरखाली हलवावा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. म्हणून उजवे वळण अधिक जोखमीचे. त्यासाठी आपल्याला मागून येणाऱ्यांची आणि समोरून येणाऱ्यांचीही वाट ओलांडावी लागते. हात दाखविण्यापूर्वी मागे पाहावे, हे तर खरेच. पण येथे एक गंमत आहे. उजव्या खांद्यावरून मागे पाहू लागले की, नवशिक्याचे हॅन्डलही नकळत उजवीकडे वळते. ज्या वाहनाला चुकवावे म्हणून पाहिले, त्याच्याच पुढ्यात सायकल जाते. यासाठी सुटीच्या दिवशी मोकळ्या मैदानावर सरळ रेषेत सायकल चालवीत मागे पाहण्याचा आणि एका हाताने हॅन्डल धरण्याचा सराव करावा. यवतमाळच्या मुलांना पोस्टल मैदान आहेच. नेदरलँड्स या देशात तर तुमच्याच वयाच्या मुलांची अनेक शाळांतून सायकल चालविण्याची परीक्षा घेतली जाते, आणि मागे पाहून, हात दाखवून वळणे हा त्या परीक्षेचा महत्त्वाचा भाग असतो.

हात वेळेवर का दाखवावा, हे थोड्या गणिताने समजेल. ताशी १५ किलोमीटर हा सायकलीचा अगदी साधा वेग आहे. या वेगाने सायकल एका सेकंदात ४ मीटरांहून थोडी अधिक वाट कापते. समोरचा वळला हे डोळ्यांनी पाहून बोटांनी ब्रेक दाबेपर्यंत एखादा सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मागचा मनुष्य ४ मीटर पुढे आलेला असतो, आणि त्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर निराळेच. पावसात चाकाची कड ओली झाली की ब्रेकचे रबर तिच्यावरून घसरते व हे अंतर आणखी वाढते. उतारावर वेग वाढतो, हे दूधवाल्याच्या गोष्टीत आलेच आहे.

घंटी हेही बोलण्याचे साधन आहे. परंतु पुष्कळ जण तिचा उपयोग भांडणासाठी करतात. घंटीचा अर्थ ‘मी येथे आहे’ एवढाच. ‘बाजूला व्हा’ असा नव्हे. वृद्ध मनुष्याच्या अगदी पाठीशी जाऊन ती खणखणा वाजविली तर तो गोंधळून नेमका आपल्याच वाटेत येतो. दुरून एकदा वाजविली तर त्याला विचार करण्यास अवसर मिळतो. बैठक मारलेल्या गाईपुढे घंटी वाजवून काहीच होत नाही, हे यवतमाळकरांना सांगावयास नको. तेथे आपणच वळसा घालावा, आणि तोही मागे पाहून, हात दाखवून.

पुणे शहर एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. विद्यार्थी, कारकून, प्राध्यापक, कामगार सर्वजण सायकलीवर असत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याची पाळी सुटली की, रस्ता सायकलींनी भरून जाई. अशा प्रवाहात एकाने अवचित हॅन्डल वळविले तर मागच्या चौघांना लोळण घ्यावी लागे. म्हणूनच त्या काळी सायकलस्वारांवर नियमांची करडी नजर असे. अनेक शहरांत सायकलीवर कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. डबलसीट जाणाऱ्याला आणि रात्री दिव्यावाचून जाणाऱ्याला पोलीस अडवीत. कोपऱ्यावर पोलीस दिसताच मागे बसलेला मित्र टुणकन उडी मारून साळसूदपणे चालू लागे, हे दृश्य नेहमीचे होते. आज पुण्याच्या रस्त्यांवर स्वयंचलित दुचाकींचे राज्य आहे, बिल्लेही इतिहासजमा झाले आहेत. पण अंधार काही नाहीसा झालेला नाही!

दिव्याविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. जुन्या सायकलींना डायनॅमो असे. त्याचे चिमुकले चाक धावेला टेकविले की ते फिरू लागे व विजेचा दिवा लागे. परंतु त्यामुळे सायकल जड चाले. म्हणून आळशी मुले तो वर उचलून ठेवीत आणि अंधारातच जात. शिवाय चाक थांबले की दिवाही विझे. चौकात थांबलेला स्वार अशा वेळी कोणालाच दिसत नसे. आता बॅटरीवर चालणारे छोटे दिवे मिळतात. तेही नसले तरी मागच्या मडगार्डवरचा तांबडा परावर्तक स्वच्छ पुसलेला असावा. त्याला स्वतःचा प्रकाश नसतो. मागून येणाऱ्याचा प्रकाश तो त्यालाच परत करतो. चिखलाने माखलेला परावर्तक हा मुका झालेला परावर्तक होय.

सायकलस्वारांचीही इतरांविरुद्ध गाऱ्हाणी आहेत, आणि ती खोटी नाहीत. उभ्या मोटारीचे दार कोणी मागे न पाहता धाडकन उघडतो. ऑटोरिक्षा उतारू दिसताच जागच्या जागी थांबते. समोरचा गाडीवान प्रखर दिवे डोळ्यांवर सोडतो. कापसाच्या हंगामात ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली अर्धा रस्ता व्यापते. आणि तिला मागून धरून फुकट ओढून घेणारे बहाद्दरही असतात. ट्रॉली खड्ड्यात उसळली की या बहाद्दरांचे काय होते, ते मी एकदा पाहिले आहे; दुसऱ्यांदा पाहण्याची इच्छा नाही.

परंतु सर्वांत अधिक त्रास सायकलस्वारांना सायकलस्वारांकडूनच होतो. शाळेच्या सायकलतळावर जाऊन पाहा. कोणीतरी घाईने आपली सायकल वाकडी लावतो, ती शेजारणीवर कलंडते, आणि पाहता पाहता सारी ओळ आडवी होते. हॅन्डलात हॅन्डल अडकते, ब्रेकच्या तारा ताणल्या जातात. ज्याच्यामुळे हे घडले तो इकडेतिकडे पाहून हळूच नाहीसा होतो. दुसऱ्याच्या चाकातील हवा सोडून देणे ही तर काही मुलांना मोठी गंमत वाटते. त्या गंमतीचा शेवट कोठे होतो, हे ती पाहत नाहीत. शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतील आठवी ते बारावीच्या पुष्कळ मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळाल्या आहेत. सायकल मिळाली म्हणून जिची शाळा सुटली नाही, अशी एखादी मुलगी चार किलोमीटरांवरच्या गावाहून येते. डिसेंबरात या भागात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळा सुटल्यावर तिला चाक सपाट झालेले आढळले, आणि हवा भरण्याचे दुकान जवळ नसले, तर कपाशीच्या शेतांमधल्या वाटेने ती सायकल ढकलीत एकटी अंधारात घरी जाते. घरी वाट पाहणारी माणसे दुसऱ्या दिवशी तिला शाळेत पाठवावे की नाही, याचा विचार करू लागतात.

दूधवाला मला त्यानंतर बरेच दिवस दिसत होता. त्याला पाहिले की मी रस्ता बदलीत असे. एकदा हिवाळ्यात, पहाटेच्या शिकवणीस जाताना, तो माझ्यापुढे काही अंतरावर होता. रस्ता पूर्ण मोकळा होता; धुके पडले होते, दुकाने बंद होती. तोच उतार, तेच वळण. भरल्या डब्यांमुळे त्याला मान फार वळविता येत नसावी. त्याने वेग कमी केला, हॅन्डल डाव्या हाताने घट्ट धरले आणि उजवा हात सरळ बाहेर काढला. वळण पुरे होत आले तेव्हाच तो हात त्याने पुन्हा हॅन्डलावर ठेवला. त्याच्यामागे रस्त्यावर माझ्याशिवाय कोणी नव्हते. आणि मी आहे, हे त्याला ठाऊक नव्हते.